भोपळा कुणी फोडला

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी बोलायला लागले की तोंडाचा पट्टा सुटतो. म्हणून लिहितेय. सत्कार उरकले की नीट बसून वाच.

काल त्या राजेशाही बागेत जाऊन आले. हौदाकाठी आपलं काचेचं झाड काय दिसतंय रे! नव्वद निळी फळं आणि शेंड्यावर तो भलामोठा गोळा. तू त्याला ‘आकाशबीज’ म्हणतोस, मी आपली भोपळाच म्हणणार. तू नळी फिरवत होतास, मी फुंकत होते; दोन दिवस गाल दुखत होते माझे. खालच्या पाटीवर नाव मात्र तुझ्या एकट्याचं. झोंबलं, खोटं कशाला बोलू! पण हा राग त्याचा नाही.

भोपळ्याच्या मानेशी केसाएवढा तडा गेलाय. एवढी जाड काच बंद भट्टीत सात दिवस हळूहळू निवायला हवी, हे आपल्याला बोलता येण्याआधीपासून ठाऊक. भट्टीच्या दाराच्या कडीला बाबा आपला पंचा बांधायचे. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. या खेपेला मी बांधला आणि बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. तू पाचव्या दिवशीच सोडलास. उद्घाटनाची घाई! काल फोनवर विचारलं तर म्हणे, “काही होत नाही गं.” लाज वाटली नाही? लहानपणी अशाच घाईने काढलेली फुलदाणी टेबलावर फुटली होती. हनुवटीवरचा व्रण आरशात बघ, मेल्या!

आता ऐक. काल तुझी चिमी नेमकी त्या भोपळ्याखाली फोटोला उभी होती, हात वर करून. मी तिला दंडाला धरून खेचलं. रडली पोर, ‘आत्या वाईट’ म्हणाली. बागेचे व्यवस्थापक म्हणाले, तुझी सही आल्याशिवाय झाडाला हात लावता येणार नाही. मग आज सकाळी माळीबुवांकडून वाट बंद करून घेतली आणि ज्या नळीने फुंकला होता, त्याच नळीने भोपळा फोडला. हे पत्र पोचायच्या आत कुणा माथेफिरूचं काम म्हणून तुझ्या कानावर येईल. तक्रार करायची तर खुशाल कर. पाटीवर माझं नाव घातलं नाहीस, तक्रारीत तरी घाल.

संतापलेली, पण तुझीच,
ताई