फर्नेसचं पाणी आणि नाना

१२ जाने.
सकाळी घर बर्फ. बाहेर उणे बावीस, आत दात वाजतायत आणि घर गरम करणारं फर्नेस ढिम्म. नवरोबा निखिल कॅलगरीला, महिनाभर साइटवर. म्हणजे डोक्याला ताप माझ्याच.
बेसमेंटला गेले तर नानांनी फर्नेसची ड्रेनची नळी जमिनीतल्या जाळीतून काढून बादलीत सोडलेली. बादली काठोकाठ, नळीचं टोक बुडालेलं. पाणी उलटं तुंबलं, मशीन बंद पडलं.
"पाणी वाया जाऊन राहिलं ना. आपण नागपूरला एसीचं पाणी इन्व्हर्टरला घालतो, झाडांना घालतो. इथे काऊन फेकायचं?"
वडील माझे, वीज खात्यात जन्म गेलेला माणूस. काय बोलणार. आई गेल्यानंतर आज पहिल्यांदा मी खळखळून हसले. ते मात्र रुसले.

१४ जाने.
नानांनी त्या बादलीतलं पाणी घातलेली तुळस करपली. चौकशी केली तर हे पाणी आम्लाचं निघालं, धुरातनं निथळलेलं. नानांना सांगितलं. "पाणी म्हणजे पाणी," म्हणाले आणि पेपर वर केला.
दुपारी फर्नेस परत बंद. व्हिडिओ बघून मीच उघडलं. पाणी ज्या वाकड्या प्लास्टिकच्या डबीतून जातं ती ट्रॅप काळ्या बुळबुळीत घाणीने भरलेली. मोरीत धुतली, पाणी भरून परत बसवली. नाना टॉर्च धरून.
"हे वाकडं कशाला ठेवलं? सरळ नळी टाकली तर तुंबणारच नाही."
"त्यात पाणी राहायलाच हवं, नाना." का ते मी सांगणार होते, तेवढ्यात ऑफिसचा रोजचा स्टँडअप कॉल. पळाले.

१७ जाने.
फर्नेस झकास. नानांचं मात्र बरं नाही. डोकं जड, जेवण नको, दिवसभर बेसमेंटमधल्या त्यांच्या खोलीत पडून. आईची आठवण, दुसरं काय. माझंही डोकं धरलंय, पण सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात कोणाचं नाही धरत.
दादाचा नागपूरहून फोन. "करमत नाही त्यांना तिथे. पाठवून दे." भडकले. इथे काय कमी आहे? गरम खोली, वेगळी बाथरूम, रविवारी मंडळात पत्ते. तिथे दादावहिनी सकाळी जातात ते रात्री येतात, कोण बघणार यांना? मी नाही पाठवत.

१९ जाने.
जमेल तेवढं लिहिते.
दुपारी कपडे टाकायला खाली गेले. नाना पलंगाच्या कडेला बसलेले. हाक मारली तर मला "सुशीला" म्हणाले. आईचं नाव. मग शब्दच सापडेनात त्यांना. उठवलं तर पाय लटपटले. काखेत धरून वर आणलं, दार उघडलं, ९११. फोनवरच्या बाईने पहिलं विचारलं, "गॅस अलार्म वाजला का?" वरचा गप्प. खालचा तर ऐकूच आला नव्हता मला.
फायरची माणसं मीटर घेऊन खाली गेली, लगेच वर आली. "Nobody goes back in." शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या हॉलमध्ये नाना शाल गुंडाळून, पाणी पितायत.
हॉस्पिटल. ऑक्सिजनचा मास्क. कार्बन मोनॉक्साइड. रक्तात निघालं, माझ्याही थोडं.
तीन दिवस मी त्याला आईची आठवण म्हणत होते.

२० जाने.
गॅस कंपनीच्या माणसाने फर्नेसला 'वापरू नका'चा लाल टॅग लावला. आत बर्नर नीट जळत नव्हता, त्यातून होणारा विषारी वायू एरवी धुराच्या नळीतून बाहेर जायचा. ट्रॅपमधलं पाणी त्याला घरात येण्यापासून अडवतं. ट्रॅप जागेवर नाही. तिथे सरळ नळी, वर काळी टेप, अगदी नीटनेटकी गुंडाळलेली. टेप कोणाची ते मला विचारावं लागलं नाही.
ट्रॅप नानांच्या कपाटात सापडली. स्वच्छ धुऊन, वर्तमानपत्रात बांधून. खालच्या अलार्मचं झाकण उघडं, आत सेल नाहीत.
हॉस्पिटलमध्ये विचारलं. आता शुद्ध नीट आहे.
"अलार्म वाजला होता, नाना?"
"वाजून राहिला होता ना. तू मीटिंगमध्ये होतीस. म्हणून सेल काढले."
जणू कुकरची शिट्टी बंद केली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसले. ओरडायचं कोणावर, तेच कळेना. माझ्यासाठीच काढले की.

२३ जाने.
नाना घरी. बर्नर, ट्रॅप, अलार्म, सगळं नवीन. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, विसराळूपणा राहतो का यावर लक्ष ठेवा. निखिल सुट्टी काढून येतोय.
दादा चिडलाय. "मरता मरता वाचले ते. तिकीट काढ, मी विमानतळावर येतो." या वेळी मला भांडता आलं नाही.
नानांची गादी वरच्या खोलीत घातली. निमूट आले. मशीनबद्दल चकार शब्द नाही, पाणी कुठे जातं ते विचारलं नाही. असं गप्प बसलेलं मी त्यांना आईच्या दहाव्यालाही पाहिलं नव्हतं. भीती वाटली.
शेवटी विचारलंच. "नाना, परत जायचंय का तुम्हाला?"
ते खिडकीकडे वळले. बाहेर बर्फ न उपसलेला ड्राइव्हवे.
"मी जाऊन राहिलो, की तू पाठवून राहिली? ते सांग आधी."
चहा टाकते म्हणून उठले. चहा झाला, पिऊनही झाला. अजून सांगितलेलं नाही.