बोटाचा कम्प्युटर येणार म्हणे

रविवार, २६ फेब्रुवारी २००६. महाशिवरात्र. दुपार.

पयले आली मथुराबाई. शेजारीण, भिंतीले भिंत लागून घर. बातमी कुठं शिजून राह्यली ते तिले वासानं समजते. मग साजिद आला, टीव्हीची वायर जोडाले. साजिद म्हणजे मारेगावच्या बसस्टँडमागं कम्प्युटर क्लास आहे ना, त्याचा. सकाळीच वणीहून इंटरनेट पाहून आलता. वायर हातातच राह्यली न् सांगत बसला, का परदेशातली कोणती तरी कंपनी पाटीएवढा कम्प्युटर काढून राह्यली. पिशवीत मावते. खटखट बटणं नाही, माउस नाही, काचेवर बोट ठेवलं का चालते. गेम पण खेळता येतीन म्हणे. कंपनी काही कबूल करत नाही, इंटरनेटवर नुसतं एक पान लावून ठेवलं का वाट पाहा. दोनदा म्हणाला, आजी, अफवा आहे, पक्कं काहीच नाही. मथुराबाई म्हणे, बोटानं तर मी लायटाचं बटण दाबत नाही, झटका बसते.

 माझ्या डोळ्यासमोर स्पृहा आली.

स्पृहा म्हणजे आमच्या सुनीतीची पोट्टी, नागपूरले असते, सातवीत. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर राहाले आलती न् आठव्या दिवशी परत गेली. आजी, तुह्याकडे करू काय, म्हणे. तिच्या चुलत भावाकडे गेम आहेत. तवापासून हे काळजात रुतून बसलं आहे. या उन्हाळ्यात पोट्टी पूर्ण महिना राहीन. ठरलं.

ठराव: मथुराबाईले पुढचं एक अक्षर सांगाचं नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी.

मथुराबाईले सांगतलं. चक्कीवर लाइन गेलती, दोघींचं दळण अडकलं. माणूस किती वेळ गप्प बसन?

बुधवार, १ मार्च.

स्पृहाले फोन केला. कम्प्युटर येऊन राह्यला म्हटलं. ती म्हणे, गाड्यांचा गेम आहे का त्यात? मी म्हटलं, सगळ्या गाड्या आहेत. ती म्हणे, घेतला का मग? मी म्हटलं, बुक केला.

हे पेपर खाली करून पाहत राह्यले. तहसीलीत तीस वर्षं काढली ह्यायनं, कागद दिसल्याशिवाय काही खरं वाटत नाही. म्हणाले, कुठं बुक केला? मी म्हटलं, मनात. मनातलं बुकिंग खोटं असते का?

शनिवार, ४ मार्च.

बोटाची प्रॅक्टिस सुरू. परातीत कणीक पसरवते न् बोटानं गाडी वळवते, डावीकडे, उजवीकडे. बोटाले भेगा आहेत, रोज व्हॅसलीन लावते. क्लासात जाऊन साजिदच्या कम्प्युटरले बोट लावून पाह्यलं. काही झालं नाही, नुसता तेलकट ठसा उठला. साजिद म्हणे, आजी, हा तो नाही. मले माहीत आहे बाप्पा. अंदाज घेतला.

शुक्रवार, १० मार्च.

निघाला! काल तिकडं परदेशात लोकायले दाखवला. साजिद घरी येऊन सांगून गेला. किंमत ऐकून हे हसले, हसता हसता ठसका लागला. बॅटरी दोन-तीन तास चालते. मोठे गेम अडकतीन, मशीन हळू आहे म्हणे. भारतात कवा येईन कोणाले माहीत नाही.

म्हणजे सगळं जुळून राह्यलं. दोन तासावर पोरीनं खेळूच नाही, डोळे जातात. हळू असलं तर मले पण संग खेळता येईन. न् किंमत तर उतरतच असते. ठराव: कोनाडा साफ करून ठेवाचा.

बुधवार, २२ मार्च. सकाळी साडेदहा.

साजिद आला. त्याच्या क्लासवर टिनाचं छप्पर. उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडते. आजी, म्हणे, तुमची मधली खोली थंड आहे, एक कम्प्युटर जूनपर्यंत ठेवू का? सकाळी मी दोन तास अर्ज टाइप करीन, बाकी दिवसभर तुमचा. गाड्यांचा गेम टाकून देतो, स्पृहा येऊन राह्यली ना.

मी नाही म्हटलं.

हे म्हणाले, काहून? मी म्हटलं, पयल्या भावाले माल द्यायचा नसते, हे मारेगावात कोणाले सांगा लागते का? अर्ध्या गावाच्या घरात कापूस भरून पडला आहे, भाव वाढन म्हणून. आज तो जुना डबा घरात घेतला तर नव्याची जागा जाईन. शिवाय स्पृहाले बोटाचा सांगतला, माउसवाला कसा दाखवू? साजिदचं तोंड उतरलं. चहा पाजला.

गुरुवार, ३० मार्च. गुढीपाडवा.

मथुराबाईनं कापूस विकून टाकला! पुढच्या खोलीत आढ्याले टेकला होता, आगीच्या भीतीनं तिथं उदबत्तीसुद्धा लावत नव्हती. व्यापाऱ्यानं सांगतला तो भाव घेतला न् मोकळी झाली. घाईची बाई. मी तर थांबली असती.

खोली रिकामी झाली, आता तिथं साजिदचा कम्प्युटर बसला. बसू द्या. आपला येऊनच राह्यला.

रविवार, १६ एप्रिल.

स्पृहाचा फोन. पेपर संपले, एक तारखेले येते. आजी, आला का? मी म्हटलं, रस्त्यात आहे. फोन ठेवल्यावर कोनाडा पुन्हा दोनदा पुसला. उन्हाळ्यात धूळ लय बसते.

साजिदले विचारलं, दोन आठवड्यात येईन का? तो म्हणे, आजी, यावर्षी सोडून द्या. आजकालच्या पोरायले धीर नाही.

सोमवार, १ मे.

सुनीती पोट्टीले सोडून गेली. चप्पल काढाच्या आधी कोनाडा पाह्यला स्पृहानं. म्हणे, कुठं आहे? मी म्हटलं, पार्सल अडकलं. हे उठून अंगणात गेले. पोट्टीनं रिकाम्या कोनाड्यात आपली पाण्याची बाटली ठेवली. आंब्याचा रस केला. अर्धी वाटी ठेवला तिनं.

बुधवार, ३ मे.

भिंतीपलीकडून गाड्यांचा आवाज आला, न् स्पृहा दिवसभर मथुराबाईकडे.

मंगळवार, ९ मे.

नववा दिवस! पोट्टी गेली नाही. मी म्हटलं होतं ना? ह्यायले तीनदा सांगतलं. हे म्हणाले, कोणाच्या घरी राह्यली ते पण सांग. ह्यायचा सुभावच तसा.

लोडशेडिंगचा फायदा कोणी सांगत नाही. लाइन गेली का पाच मिनिटात स्पृहा आपल्या दारात. मग माझ्या मांडीवर डोकं, न् मी पंख्यानं वारा घालते. दुपारी तीन तास माझे. आज लाइन अर्धा तास लवकर आली. तक्रार कराले पाहिजे, टाइम म्हणजे टाइम.

सोमवार, १५ मे.

साजिदनं मथुराबाईकडे बॅटरी बसवली. अर्ज खोळंबतात म्हणे, टाइप करून घ्याले आलेले कापूसवाले शेतकरी दारात बसून राहतात. आता लाइन गेली तरी तिकडचं बंद पडत नाही.

तीन वाजता दारात उभी राह्यली. साडेतीनले पण. चार वाजता कैरीचं पन्हं घेऊन मीच गेली.

रविवार, २१ मे.

आज मथुराबाईनं गाडी चालवली. माउस पकडून, पदर खोचून. स्पृहा ओरडून राह्यली, मथुराआजी, वळवा, वळवा! मथुराआजी! पोट्टीनं मलेही बोलावलं, ये न आजी, तू पण खेळ. मी काचेवर बोट ठेवून गाडी उजवीकडे नेली. गाडी सरळ जाऊन भिंतीले धडकली. कोणी वाईट हसलं नाही. मथुराबाईनं माझा हात धरून माउसवर ठेवला. तिचा हात गरम होता. मी म्हटलं, घरी दूध उतू जाईन, न् आली. दूध सकाळीच तापलं होतं.

ठराव: बोटाचा आला का सगळ्यायले दाखवीन.

बुधवार, ३१ मे.

महिना पूर्ण. सुनीती न्यायले आली. म्हणे, आई, यंदा एकदाही रडली नाही, काय जादू केली? मी म्हटलं, तयारी करा लागते. हे चष्मा पुसत बसले. स्पृहानं आम्हाले नमस्कार केला, मग धावत शेजारी गेली. तिकडून यायले वेळ लागला. एसटी आली, म्हणून मोठ्यानं आवाज दिला. एसटीच्या खिडकीतून तिनं हात दोन्ही घरांकडे हलवला.

गुरुवार, १ जून.

सकाळी साजिद त्याचं मशीन न्यायले आलता. मथुराबाईनं म्हणे नेऊ दिलं नाही. दिवाळीपर्यंत राहू दे, म्हणाली. मी विचारलं, दिवाळीपर्यंत काहून? ती म्हणे, वा, पोट्टीनं तुम्हाले नाही सांगतलं? दोघी येऊन राह्यल्या, मायलेकी.

गडबडीत राह्यलं असन सांगाचं. मथुराबाईले पुन्हा एकदा विचारून पक्कं केलं, न् इथं लिहून ठेवते: येणार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवार, ३ ऑक्टोबर.