स्कॉटलंडच्या अलीकडे शंभर पक्षी

२४ मे, शनिवार. सकाळी ६.१०
स्कॉटलंड रद्द. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली २६ जूनची, आणि लेकीची, इराची, शाळेची सुट्टी संपते २० ला. ईप्सिता म्हणाली, फेब्रुवारीपासून कानीकपाळी ओरडतेय. खरं आहे. पण फेब्रुवारीत मी पफिनचा, तिकडच्या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्याचा, अभ्यास करत होतो. एका वेळी एकच काम नीट होतं.
आमच्या मराठी मंडळातला उत्कर्ष मात्र सहकुटुंब स्कॉटलंडला पोचलासुद्धा. ग्रुपवर चार पफिन टाकले. दोन आउट ऑफ फोकस. तरी थम्स-अप दिला. मनाचा मोठेपणा.

सकाळी ७.३०
तोडगा सापडला. जर्मनीचा वरचा किनारा आणि स्कॉटलंड, समुद्र एकच! पक्ष्यांना व्हिसा लागत नाही. तिकडचे इकडे येणारच. हुसुमच्या पुढच्या एका गावात आठवडाभरासाठी घर बुक केलं.
संकल्प: सात दिवसांत शंभर जाती. स्टुटगार्टला, त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्सचा दोष ओळखणाऱ्या माणसाला पक्षी काय अवघड?

८ जून, रविवार
एक्सेल तयार. सात स्पॉट, सात रंग. रोज पहाटे ४.३० ला उठणे.
नानांना (ईप्सिताचे वडील, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत) 'नोंदणी सहायक' नेमलं. म्हणाले, "जावईबापू, गुडघे तेवढे सांभाळून घ्या, मग कुठंही उभा करा."
इराला 'ज्युनिअर ऑब्झर्व्हर'. वय तेरा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. या वेळी आलं, "नाइन." इंग्रजीतले नऊ नव्हेत, जर्मनमधलं 'नाही'.
इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षभरात तिच्या-माझ्यात झालेलं सगळ्यात लांब बोलणं वायफायच्या पासवर्डबद्दल होतं. त्यात आकडे, चिन्हं धरून सोळा अक्षरं होती. दोघंच पहाटे पक्षी बघत बसलो, की आपोआप बोलणं होईल.

१३ जून, शुक्रवार. संध्याकाळी ७
पोचलो. आठशे किलोमीटर. डाइकवर, म्हणजे समुद्र अडवायच्या मातीच्या बांधावर, सगळ्यांना डोळे मिटून चढवलं. म्हटलं, उघडा!
समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत चिखल. ओहोटी. ईप्सिता म्हणाली, "हृषी, एवढ्या लांब आणून हा?" नाना म्हणाले, उन्हाळ्यात आमच्या तळ्याचंही असंच होतं.
भरती-ओहोटीचं टेबल मी पाहिलं होतं. मागच्या वर्षीचं निघालं. चंद्र तोच असल्यामुळे मी तारखेला महत्त्व दिलं नव्हतं.
फार लांब ठिपके दिसले. अंदाजे चार जाती. चार लिहिल्या.

१४ जून, शनिवार. सकाळी ९.४०
४.३० ला उठलो नाही. प्रवासाचा थकवा. पण नशीब शूरालाच साथ देतं. खिडकीतून शेजारच्या बागेतल्या तळ्याकाठी मोठा राखी बगळा! स्कोप, म्हणजे स्टँडवरची दुर्बीण, लावला. चाळीस मिनिटं एका पायावर. मान हलली नाही. असा संयम पुस्तकातसुद्धा वाचलेला नाही. दोन पानं टिपणं काढली. इराला बोलावलं. आली, पाहिलं, म्हणाली, "पापा, दास इस्ट प्लास्टिक." आणि गेली.
तिला ओरडून सांगितलं, एवढ्या अंतरावरून मटेरिअल ठरवणं घाईचं आहे.

सकाळी १०.१५
नाना शेजारणीशी खुणांनी बोलून तिच्या बागेत गेले आणि आपला ओला पंचा बगळ्यावर वाळत घातला.
नोंद: पक्ष्याला माणसाची चांगली सवय. आकडा: ५.

१५ जून, रविवार
आयडर नदीच्या मुखावरचा बंधारा. इथे सुरय पक्ष्यांची वसाहत आहे, अगदी वाटेला लागून. तिथल्या गाइड फ्राऊ पेटरसन, वय सत्तरच्या पुढे. म्हणाल्या, पिल्लांचे दिवस आहेत, पक्षी डोक्यावर येतात, हात उंच धरून चाला. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की पक्षी भीती ओळखतो. शांत माणसाला तो झाड समजतो.
एकूण सात वेळा समजला.
टाळूवर दोन ठिकाणी रक्त, शर्टावर इतर गोष्टी. ईप्सिता, इरा आणि नाना एका छत्रीखालून आरामात गेले. नाना थांबून पक्ष्यांना म्हणाले, "हो हो, जातो बाबांनो, तुमचंच घर आहे." फ्राऊ पेटरसनना हे कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली. इरा हसली. माझ्याबरोबर नाही, पण जवळपास.
फ्राऊ पेटरसन ईप्सिताला म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार उत्साही आहेत. कौतुक! आकडा: ६. हा निर्विवाद, पुरावा डोक्यावर आहे.

१७ जून, मंगळवार
कालचा स्पॉट पावसात. परवाचा आज केला, आजचा उद्या. एक्सेलचे रंग बदलले, यातच दुपार गेली. आकडा: ११, बंद डोळ्यांनी ऐकलेले तीन धरून. त्यातला एक शेजाऱ्यांचा दरवाजा असू शकतो.
शंभर गाठायला रोज तीस हवेत. शक्य आहे. पक्षी थव्याने येतात.
रात्री जेवताना ईप्सिता म्हणाली, एक दिवस नुसतं बसूया का? म्हटलं, बसायला स्टुटगार्ट आहे.

१८ जून, बुधवार. सकाळी ११.२०
उभ्या-उभ्या फोनवर टाइप करतोय.
डाइकवरून पक्षी लांब दिसत होते, म्हणून स्कोप घेऊन चिखलात उतरलो. पाटीवर 'लेबेन्सगेफार' होतं, जिवाला धोका. अशा पाट्या टुरिस्टांसाठी असतात. दीडशे मीटर आलो. आता गुडघ्यापर्यंत आत आहे. पाय निघत नाहीत, पण उभं राहायला अतिशय स्थिर जागा. स्टँडची गरज नाही.

सकाळी ११.४०
विलक्षण! डाइकवर तीस-पस्तीस माणसं जमलीत. सगळ्यांच्या दुर्बिणी, स्कोप माझ्या दिशेला. म्हणजे माझ्या बरोब्बर मागे काहीतरी दुर्मिळ उतरलंय. वळता येत नाही. तो उडू नये म्हणून हात अजिबात हलवत नाहीये. लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. आणखी लोक आले.

सकाळी ११.५०
ईप्सिताचा फोन.
"हृषी, हलू नकोस."
"माहितीये. कोणता आहे?"
"कोणता काय?"
"पक्षी!"
ती म्हणाली, "अरे, ते तुला बघतायत. पाणी येतंय. फॉयरवेअरला फोन केलाय."
फॉयरवेअर म्हणजे अग्निशमन दल. खाली पाहिलं. चिखल चकाकत होता. पाणी दोन्ही बाजूंनी, आवाज न करता आलं होतं. अक्षरं चुकताय्त.

दुपारी ४.००. घरी, दोन ब्लँकेटांत
बारा पाचला पाणी मांडीला लागलं. तेव्हा डाइकवरून किंकाळी आली, "पापा, आडवे व्हा! आडवे! मागे झुका!" मराठीत. चांगल्या खणखणीत मराठीत. नंतर कळलं, बायको फोन करत असताना इरा फ्राऊ पेटरसनकडे धावत गेली होती; त्या आज डाइकवर एक गट घेऊन आल्या होत्या. चिखलात रुतल्यावर काय करायचं ते त्यांनी सांगितलं आणि तिने ओरडून भाषांतर केलं. मी स्कोप डोक्यावर धरून उभा होतो. ती परत ओरडली, "टाका ना तो!"
टाकला. आडवा झालो. आकाश खूप मोठं होतं आणि त्यात एकही पक्षी नव्हता.
फॉयरवेअरचे सहाजण फुगवलेली लांब गादी घेऊन आले. पुढचा आमचा बेकरीवाला होता. रोज सकाळी याच्याकडून ब्रेड घेताना मी त्याला पक्ष्यांची माहिती द्यायचो. त्याने मला काखेत धरलं आणि म्हणाला, आल्झो, हेर ऑर्निथोलोगे, म्हणजे पक्षितज्ज्ञ साहेब, सावकाश. दोन्ही बूट तिथेच राहिले.
डाइकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. इरा धावत आली. मी म्हटलं, काही नाही गं, नियंत्रणात होतं. तिने दंडावर एक गुद्दा मारला आणि मग तिथंच डोकं टेकलं. किती वेळ, ते मोजलं नाही.
नाना आत्ता चहा देऊन गेले. म्हणाले, "जावईबापू, पक्षी कुठं जात नाहीत हो."

१९ जून, गुरुवार. सकाळी ११
आज एक्सेल उघडलं नाही. यादी तपासली. प्लास्टिक वजा. दरवाजा वजा. ठिपके वजा. सुरयसुद्धा वजा, कारण मी डोळे मिटले होते. बाकीचेही अंदाजानेच, वजा. आकडा: ०.
ईप्सिताबरोबर किनाऱ्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसलोय. समुद्र आहे. इरा आणि नाना पाण्यात पाय बुडवून उभे. ईप्सिता केक खातेय. चुरा पडला आणि एक छोटा तपकिरी पक्षी अगदी पायाशी आला.
मी श्वास रोखला. पाठीवर रेघा, चोच आखूड. हळू आवाजात तिला सांगितलं, की बहुधा उत्तरेकडचा किनारी बंटिंग, मादी, या भागात फारच क्वचित.
ईप्सिताने चष्माही न लावता पाहिलं.
"हृषी, चिमणी आहे."
पुन्हा पाहिलं. पुस्तक काढलं. पुस्तक मिटलं.
नोंद: चिमणी. एक. खात्रीशीर.