पलीकडची काळी माती

१२ एप्रिल १९२२
नदी आणखी वर आली. बांधाच्या माथ्यापर्यंत आता हातभरही अंतर नाही. पुरुष बंदुका घेऊन बांधावर फिरताहेत. माझा नवरा वॉल्टही.

वाचनालयाच्या बायकांनी मला गावाचा इतिहास लिहायला सांगितलाय. भूगोल सोपा — आपली माती पिवळी, पलीकडची काळी, मध्ये मिसिसिपी. इतिहास त्याहून सोपा. एका काठाचा बांध फुटला की दुसरा काठ वाचतो. वॉल्टच्या आजोबांच्या वेळी पलीकडच्या स्ट्राउड घराण्यातले होड्यांतून आले आणि आपला बांध फोडून गेले. खालची आळी बुडाली. वॉल्टच्या दोन आत्या गेल्या त्यात. इथली पोरं ही गोष्ट पाळण्यातच ऐकतात.

आणि आमच्या जूनीने लग्न केलं ते एका स्ट्राउडशी! वर्षभर वॉल्टने पोरीचं नाव तोंडातून काढलेलं नाही. ती तिकडे सखल शेतावर. नववा महिना चालू.

१३ एप्रिल
हार्लन न्हावी दुकानाच्या पायरीवर म्हणाला, "ते फोडतील, त्याआधी आपण फोडू." कुणीतरी हसलं — "माझं फावडं घेऊन जा, नवं आहे."

जेवताना मी म्हटलं, "जूनी तिकडे आहे, वॉल्ट."

"तिची तिने निवडली जागा. बटाटे दे इकडे."

दिले. दुसरं काय केलं मी?

१४ एप्रिल
काल संध्याकाळी धुक्यात एक होडी बांधाला आली. पुरात कुणी असं सरळ उतरत नाही. आधी लांबून आपलं नाव पुकारायचं, पहारेकरी 'ये' म्हणाला की मग पाय टाकायचा. त्याने पुकारलं — "स्ट्राउड!"

वॉल्टने गोळी झाडली.

कार्ल होता. जूनीचा कार्ल. पोटात लागली होती. आमच्याच स्वयंपाकघरात आणला, टेबलावर ठेवला. मी टॉवेल दाबून धरला, रक्त बोटांमधून येतच राहिलं. होडीत फावडं नव्हतं. रजई होती, दोन उशा होत्या.

"आणू का तिला?" तो मला विचारत होता. "तुमची हरकत नसेल तर..."

मी हो म्हटलं. तोवर तो गेला होता. वॉल्ट दारात उभा होता. त्याने ते सगळं ऐकलं.

हार्लन म्हणाला, "स्ट्राउड तो स्ट्राउडच, ॲडा. तुझ्या नवऱ्याचं काही चुकलं नाही." तो रक्ताने भिजलेला टॉवेल मी त्याच्या तोंडावर मारला.

आज पहाटे वॉल्ट घरात नाही. कार्लची होडीही जागेवर नाही.

१५ एप्रिल
अजून नाही आला.

१५ एप्रिल, दुपार
पाणी दोन हात उतरलं. चर्चच्या घंटा थांबत नाहीत, रस्त्यात माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत. जूनी वर, माझ्या पलंगावर. सुखरूप. वॉल्टचे बूट पायरीवर, वरपर्यंत काळ्या मातीने भरलेले.

"तिला होडीत बसवलं," तो म्हणाला. "मग त्यांचा बांध फोडला."

"पलीकडच्यांना सांगितलंस?"

"नाही."

जूनी वरून हाक मारतेय. "आई, कार्ल तुमच्याकडेच आहे म्हणाले बाबा. कुठल्या खोलीत आहे?"