दुसरं नाव

६ जानेवारी, सोमवार

मशीन येऊन आज चार महिने झाले. चार! गणपतीत आलं, नारळ फोडला, माजी नगरसेवकांनी फोटो काढून घेतले. तेव्हापासून सोनोग्राफीच्या खोलीत लाखेच्या सीलसकट उभं आहे. वर चादर. परवा कुणीतरी त्यावर सलाइनची खोकी रचून ठेवली होती. मी ओरडले.

कारण काय, तर नाव नाही. कायदा असा की डॉक्टरच्या नावाने नोंदणी झाल्याशिवाय सील तोडायचं नाही, आणि एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच ठिकाणी नाव देता येतं. कायदा मुली वाचाव्यात म्हणून केलेला, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या सरकारी हॉस्पिटलात सोनोग्राफी येणारे डॉक्टर एकच, विनीत सर. मानधनावर येतात, एक्स-रे बघून जातात. त्यांचं एक नाव उल्हासनगरच्या सेंटरला, दुसरं आमच्या गेटसमोरच्या सेंटरला. दोन्ही त्यांचीच. "माझी दोन्ही नावं भरलीत हो, मीनलताई," असं अगदी हळहळून म्हणतात.

सव्वीस वर्षं मी इथे क्लार्क आहे. कसले कसले कागद हलवले. हा हलत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ठमाबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. आमची आया, मोरिवलीची. तिची सून नेत्रा, सातवा महिना. पहिलं बाळ आठव्यात पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाढ बघायला सोनोग्राफी सांगितली आहे. बाहेर करायची ऐपत नाही. दिपेशचं, म्हणजे मुलाचं, कंपनीतलं काम सुटलंय. मोठ्या हॉस्पिटलने तारीख दिली १७ मार्च! माजी नगरसेवकांचं पत्र जोडलं तेव्हा १७ फेब्रुवारी झाली.

"मॅडम, मशीन तं आपले घरान हाय. मंग माजे सुनंला लांब कनाला न्यावाची?"

मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. दुसरं काय सांगणार? लाज वाटली.

१० जानेवारी, शुक्रवार

गेटवरचा चंदर रिक्षावाला आज हसत हसत म्हणाला, "मॅडम, मशीन चालू नका करू हां, अपना धंदा बैठ जाएगा." थट्टाच केली त्याने. पण दिवसभर डोक्यात राहिली. अधीक्षक मे महिन्यात रिटायर होणार, त्यांना नवीन भानगड नको. टेक्निशियनला जादा काम नको. पत्र देणाऱ्यांना पत्र मागायला येणारी माणसं हवीत. आणि एकेकाशी बोलायला जावं तर सगळी भली माणसं! चिडायचं तरी कुणावर?

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ वाटला. विनीत सर गोड बोलले. ते एरवीही गोडच बोलतात.

२० जानेवारी, सोमवार

ऋताचं रजिस्ट्रेशन आलं! आमची लेक आता सोनोग्राफीची पक्की डॉक्टर. उन्मेषने बापाच्या कौतुकाने सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि मग बेडरूममध्ये जाऊन डोळे पुसले. कॉलेजसाठी वांगणीचा प्लॉट विकला होता, त्याचं चीज झालं म्हणाला.

आणि मला पेढा तोंडात असतानाच सुचलं — ऋताची दोन्ही नावं रिकामी आहेत! एक बदलापूरच्या हॉस्पिटलला जाईल, १ मार्चपासून नोकरी आहे तिची. पण दुसरं? आठवड्यातून दोन सकाळी आली तरी आमचं काम होईल. झोपच लागेना.

२१ जानेवारी, मंगळवार

अधीक्षक म्हणाले, "नाव आणा, त्याच दिवशी सही करतो." आणखी काय हवं!

२३ जानेवारी, गुरुवार

ऋता नाही म्हणाली. "आई, फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तरी केस डॉक्टरवर होते. आणि तुमच्याकडे कागद कसे ठेवतात, ते तूच सांगतेस ना रोज?" सांगते खरी. हसून सांगते.

उन्मेष पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "समाजसेवा रिटायर झाल्यावर करावी." मी ताट आपटलं.

२९ जानेवारी, बुधवार

ऋता कबूल झाली! नेत्राचं सगळं सांगितलं तिला, पहिल्या बाळाचंही.  मग फॉर्म घेतला आणि सह्या केल्या. "एक वर्ष. फक्त तुझ्यासाठी. जागेचं नाव तूच लिही, तुमचं सरकारी नाव म्हणजे अर्धं पान." अधीक्षक सोमवारी रजेवरून येतील, तोवर फॉर्म पर्समध्ये आहे. मधूनमधून उघडून बघते. वेडीच आहे मी.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल यशोधराताईंकडे हळदीकुंकू होतं, विनीत सरांच्या मिसेसकडे. निघताना सरांनी बाजूला बोलावलं. ते कात्रपला नवीन सेंटर काढतायत. त्यासाठी गेटसमोरच्या सेंटरवरून आपलं नाव काढणार. तिथे ऋता हवी आहे. "मुलीसारखीच ती मला. पुढेमागे पार्टनर करू. सरकारी मशीनला एकदा नाव लागलं की निघत नाही हो, मागून येणार कोण?"

म्हणजे यांचं एक नाव सुटतंय! मग तेच आमच्या मशीनला का नाही? तोंडाशी आलं होतं माझ्या. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमची मुरबाडची बदली आठवते ना, गेल्या वर्षीची?"

आठवते. शब्द टाकून रद्द करवली ती त्यांनीच. मीच गेले होते सांगायला. मी वाण घेतलं आणि घरी आले.

उन्मेष म्हणतो, "मग विचार कसला करतेस?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फॉर्म अजून पर्समध्येच. सोमवारी साहेब मीटिंगला होते. मंगळवारी खिडकीवर गर्दी. बुधवारी — बुधवारी काहीच नव्हतं. मी काढलाच नाही. काल आणि आजही नाही. ठमाबाई चहा घेऊन आली तेव्हा मी उगाच फायलीत डोकं घातलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ठमाबाई धावतच आली. "मॅडम, पोर पोटान पयल्यासारखा हालत नाय." डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठोके आहेत, पण सोनोग्राफी आजच्या आज, म्हणाल्या. नेत्रा बाकावर बसलेली, दोन्ही हात पोटावर. माझ्याकडे बघत होती. तिच्या मागेच ती बंद खोली.

रस्ता ओलांडून मी सरांकडे गेले. हात जोडले.

"अहो, लगेच पाठवा. पैशाचं नाव काढू नका," सर म्हणाले. "आणि ऋताचा तो फॉर्म असेल ना तुमच्याकडे? तोही द्या, एकदमच होऊन जाईल."

एकदमच! आवाज चढवला नाही, अट घातली नाही. पेनसुद्धा त्यांनीच पुढे केलं. जागेच्या रकान्यात मी त्या सेंटरचं नाव लिहिलं, पत्त्यासकट, सुवाच्य अक्षरात.

नेत्रासाठी केलं, असं म्हणता येईल. कुणी विचारलं तर तसंच सांगेन. पण इथे खोटं कशाला लिहू? सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पर्स उघडली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालं होतं. कालच मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, रात्री सिझर. मुलगी. दीड किलोसुद्धा नाही, काचेच्या पेटीत आहे. पण श्वास घेतेय!

ठमाबाईने आज सगळ्यांसमोर माझे पाय धरले. "मॅडम, तुमी व्हत्या म्हनून." मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, संकोच.

मी फॉर्म वेळेवर दिला असता तरी मशीन कालपर्यंत सुरू झालं नसतं. नव्या मशीनच्या नोंदणीत महिना गेला असता, चालू सेंटरला नाव जोडण्याइतकं सोपं नाही ते. हे खरं आहे. दहा वेळा हिशोब केला, खरंच आहे. तरी अकराव्यांदा करायला बसते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऋताला सांगितलं. वाटलं होतं भडकेल, महिनाभर बोलणार नाही. तिने मला मिठीच मारली. "थँक यू, आई. मला टेन्शनच आलं होतं तुमच्याकडचं." एवढं मोकळं हसली! रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वरून पत्र आलं. मशीन वापरात का नाही, खुलासा करा. अधीक्षकांनी मला मसुदा लिहायला सांगितला. "तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध नाहीत." टाइप केलं, सही घेतली, पाठवलं.

५ मार्च, बुधवार

दुपारी खिडकीशी राजाबाई नावाच्या बाई, सोबत पोटुशी लेक. "इथली सोनोग्राफी कधी चालू होईल, ताई?" मी म्हटलं, वाट बघू नका, समोरच्या सेंटरला जा, तिथल्या ऋता मॅडम फार चांगल्या आहेत. माझीच मुलगी, हे सांगितलं नाही.