नळी पुढे की मागे

मी, खाली सही करणारा, फरशी कापण्याच्या धंद्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, फुफ्फुसे निकामी पण डोके ठिकाणावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्याने धरू नये, असे वकील म्हणतात. याआधीचे लिखाण रद्द.

१. घर आणि बँकेत जे असेल ते बायकोचे. वाटणीचा विषय कोणी काढू नये. निदान तिच्यासमोर तरी.

२. दगड कापायची करवत आणि सूक्ष्मदर्शक लेकीला. जावयाने करवतीला हात लावू नये. त्याला खिळा ठोकता येत नाही, सल्ला मात्र देता येतो.

३. व्हिनेगरचे उरलेले कॅन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. त्यात चुनखडी विरघळवून मी आतले न विरघळणारे शिंपले मोकळे करायचो आणि तो वासाने नाक मुरडायचा. आता घरबसल्या घ्यावा.

४. काचेच्या डबीत मोहरीच्या दाण्याएवढा एक शिंपला आहे. कॅम्ब्रियन काळाच्या सुरुवातीचा, पन्नास कोटी वर्षांहून जुना, गोगलगायीच्या गोतातला. आकार टोपीसारखा, शेंडा एकीकडे झुकलेला, त्याखाली बारीक नळी. ही जात आजवर कोणी नोंदवलेली नाही. मी आणि माझा मेहुणा, निवृत्त चित्रकला शिक्षक, दोघांनी मिळून तिचे वर्णन लिहिले. जातीला माझ्या बायकोचे, म्हणजे त्याच्या ताईचे, नाव द्यायचे यावर एकमत होते. ती म्हणाली, "एवढ्याशा किड्याला माझं नाव? शोभा केलीत." पण लेकीला लगेच फोन केलाच.

घोडे पेंड खाते ते डोक्यापाशी: ते नळीच्या बाजूला की उलट बाजूला. ज्या नियतकालिकाला पाठवायचे, त्यांच्याकडे डोके डावीकडे ठेवूनच चित्र काढायचा रिवाज. डोके कुठे ते ठरल्याशिवाय चित्र नाही, चित्राशिवाय छपाई नाही.

"दाजी, नळी पुढेच. श्वास कोणी पाठीने घेतं का?"

"आणि घाण कोणी तोंडापुढे टाकतं का?"

"टाकता की, तुम्ही दोघं, रोज," बायको आतून म्हणाली.

मग लेकीच्या लग्नात, चारचौघांत, हा म्हणाला, "दाजींना फरशी कळते. प्राणी हा वेगळा विषय आहे." तेव्हापासून बोलणे बंद, आणि दोघांच्या सह्यांवाचून छपाईही बंद.

५. माझ्या पश्चात ते वर्णन त्याच्या म्हणण्याप्रमाणे छापावे. नळी पुढे. त्यावरचे माझे नाव वगळावे. जे पटत नाही त्यावर मी सही करणार नाही. 'दाजींच्या स्मृतीस' वगैरे गळा काढू नये. शिंपला संग्रहालयात जमा करावा.

हे जिवंतपणीच का नाही, असे लेक विचारेल. मी माघार घेतली तर तो समोर बसून चहा पिईल आणि समजूतदारपणे हसेल. त्यापेक्षा मेलेले बरे. डॉक्टरांच्या मते फार वाट पाहावी लागणार नाही.

नळी मागेच आहे. पण पुढचे-मागचे उद्या कोणीही दुरुस्त करील. रीतसर छापलेले पहिले नाव मात्र टिकते, असा या शास्त्राचा नियम आहे. तेव्हा मेहुण्याने सुतक पाळत बसू नये, चित्र काढायला घ्यावे. त्याच्या ताईचा एक डोळा गेलेला आहे आणि दुसरा अंधुक होत चालला आहे. आपले नाव तिने स्वतः वाचले पाहिजे.

साक्षीदार: आमचे डॉक्टर (सही). कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही).
मेहुण्याला बोलावलेले नाही.
स्थळ: राहते घर. तारीख साक्षीदारांनी आपापल्या हाताने घातली आहे.
(सही)