खांद्याआडचा आकडा

पुणे, ता. ४ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. कलाकाकूस,
अरुणकुमारचा शि. सा. न. वि. वि.

काकांचे पाय आणि कंबर पुसून झाली. उजव्या खांद्याशी आलो आणि हात थांबला.

तुझ्याकडचा फोटो मी कॉम्प्युटरवर घेतला आहे. विमान उडवण्याचा एक खेळ आहे, त्यात काकांच्या विमानासारखी डकोटा तयार मिळते. रंग आपण बदलायचा. फोटोतल्या विमानाचा रंग, डाग, ठिगळे उचलून तिच्यावर चढवतो आहे. पण काका विमानाला टेकून उभे. ते निघाल्याशिवाय विमान पुरे होत नाही. म्हणून त्यांच्या जागी शेजारचा पत्रा भरत होतो. खांद्याआड विमानाच्या नंबरचा शेवटचा आकडा आहे. तो मला माहीत नाही.

बाबांचे पत्र आले. डोंगरातल्या चौक्यांना रसद टाकायला गेलेले ते विमान आता यायचे नाही, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून श्यामकाकांना अग्नी देऊ, असे मी तुला समजवावे म्हणतात. त्यांचा दमा वाढला आहे; आपल्या हातून व्हावे, एवढेच त्यांचे मागणे. मी तुला काय समजावणार? पुसू की नको, तेवढे सांग.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा अरुण

भिलाई, सेक्टर ५, ता. १२ नोव्हेंबर

चि. अरुणकुमारास,
अ. उ. आ.

पोरगा इंजिनीअर होऊन विमानाला रंगाची पोताई करून राहिला, असे तुझ्या आईला म्हटले. त्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी. भाऊजी दम्याने बसूनच झोपतात. कारखान्याचा धूर इकडे वळला की मी खिडक्या लावून घेते.

पुतळ्याला मी इतकी वर्षे नाही म्हटले, तो हट्ट नव्हता. जिवंत माणसाला अग्नी दिला तर, ही भीती होती. भाऊजींना हे कधी सांगता आले नाही.

शेवटचा आकडा तीन. विमान बेपत्ता झाल्याची तार आली त्या दिवसापासून पाठ आहे. पूस. मूळ फोटो मात्र टपालाने पाठवू नको, स्वतः आण.

जेवणाची आबाळ करू नको.
सौ. कलावती

पुणे, ता. १९ नोव्हेंबर

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तीन घातला. सोबत फ्लॉपी आहे. तिकडे नेहरू नगरात माझ्या शाळासोबती गुलाबचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्याच्याकडे हा खेळ आहे. तो उडवून दाखवील. नको वाटले तर नुसते उभे बघ.

तुझा अरुण

भिलाई, ता. २७ नोव्हेंबर

चि. अरुणकुमारास,
अ. उ. आ.

आज आम्ही रिक्षा करून गुलाबकडे गेलो. भाऊजी ऐकेनात, तेही आले. गुलाबने विमान चारी बाजूंनी फिरवून दाखवले. ठिगळे तीच. आकडे पुरे. तुझे काका टेकले होते तिथे नुसता पत्रा. मी जोड शोधला, सापडला नाही. गुलाबला आतली माणसे दाखव म्हटले. अंदर तो कोई रहता ही नहीं काकी, असे तो म्हणाला. उडवू का, असेही विचारले. मी नको म्हटले.

बराबर आहे का, असे भाऊजींनी विचारले. मी हो म्हटले. रिक्षात त्यांना सांगितले, पळसाची पाने आणवा.

पुढच्या पत्रावर सौ. लिहू नको. बाकी माया आहे तशीच ठेव.
कलावती

ता. क. २८ नोव्हेंबर. हे पत्र टाकायचे राहिले होते. आज सकाळी शेजारचा शालिकराम जुनवानी गावाकडून पाने घेऊन आला. भाऊजींनी अंगणात बसून पुतळा बांधला. त्यांना धाप लागली, तेव्हा उजवा खांदा मी बांधला. शिवनाथ नदीच्या काठी त्यांनी अग्नी दिला. पाने ओली होती. पेटायला वेळ लागला.